दाराशी किती जण उभे आहेत?

मंडळी, हा लेख खरे म्हणजे वर्षभरापूर्वीच यायला हवा होता. संपादकांनी दोनदा फोन केला, आम्ही दोनदा "पुढच्या अंकाला नक्की" म्हटले. विषय तिकिटांचा. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे दिवाळीच्या नाटकाची तिकीटविक्री सुरू झाली आणि पाच-सात मिनिटांत आपल्या मंडळाच्या संकेतस्थळाने मान टाकली. त्यावरून जे बोलले गेले ते आपण सर्वांनी ऐकले आहे. काहींनी ते बोललेही आहे. "समितीने आपल्या माणसांना आधीच तिकिटे वाटली आणि मग मशीन बंद पडल्याचं नाटक केलं," हे वाक्य आमच्या कानावर पडले ते पॉटलकच्या रांगेत, हातात आमटीचे पातेले असताना. तिकिटे वाटली नव्हती. पण मशीन का बंद पडले याचे उत्तर तेव्हा आमच्यापाशीही नव्हते, आणि उत्तर नसलेल्या माणसाने रागावून काय उपयोग? आता उत्तर आहे, म्हणून लिहितो आहोत.

आधी एक खुलासा. आमचा धंदा रसायनशास्त्राचा. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळात दर दुसरा माणूस संगणकातला असताना हे काम एका केमिस्टच्या गळ्यात कसे पडले, असे नव्या सभासदांना वाटेल. कारण सोपे आहे. आठवड्याचे पाच दिवस जो माणूस लोकांचे सर्व्हर सांभाळतो तो शनिवारी मंडळाचा सर्व्हर सांभाळायला तयार नसतो. हलवाई स्वतःच्या घरी जिलबी तळत नाही, त्यातलाच प्रकार. २०२२ च्या वार्षिक सभेत "कोण बघेल?" असे विचारल्यावर सगळ्यांनी आपापल्या चहाच्या कपात पाहिले. आम्ही नेमके समोर पाहत होतो.

आता गोष्ट कळण्यापुरते थोडे यंत्रशास्त्र. आपले सभासद, त्यांच्या वर्गण्या, नाट्यगृहातल्या खुर्च्या हे सगळे एका डेटाबेसमध्ये असते. आपला डेटाबेस मायएसक्यूएल नावाचा आहे, तो फुकट मिळतो आणि चांगला आहे. तुम्ही तिकिटाच्या पानावर बोट टेकवलेत की ते पान डेटाबेसशी एक कनेक्शन उघडते, "तिसऱ्या रांगेतली सातवी खुर्ची मोकळी आहे का?" असे विचारते, उत्तर घेते आणि कनेक्शन बंद करते. पोस्टाच्या खिडकीसारखेच. खिडकीशी गेलो, तिकीट घेतले, बाजूला झालो. अशा किती खिडक्या एका वेळी उघडायच्या याचा आकडा ठरलेला असतो. आपण काही बदलले नाही तर मायएसक्यूएलमध्ये तो १५१ असतो. आहेराच्या पाकिटात घालावा असा हा आकडा. तेवढ्या खिडक्या भरल्या की पुढच्याला "टू मेनी कनेक्शन्स" अशी पाटी दिसते आणि तिच्यावर त्रुटीचा क्रमांक असतो १०४०. दर एप्रिलमध्ये आपण जो फॉर्म भरतो त्याचाच क्रमांक. हा निव्वळ योगायोग आहे, पण पहिल्यांदा तो आकडा पाहिला तेव्हा आमच्या पोटात गोळा आला होता, हे कबूल करतो.

२०२३ च्या सप्टेंबरात एका शनिवारी सकाळी १० वाजता विक्री सुरू झाली आणि ही पाटी लागली. आम्ही काय केले? बिघडलेल्या यंत्रापुढे बसलेला कुठलाही घाबरलेला माणूस करतो तेच. बंद केले, पुन्हा सुरू केले. यंत्र चालू झाले, उरलेली तिकिटे विकली गेली, आणि नेमके काय बिघडले होते याचा पुरावा त्या बंद-चालूत पुसला गेला. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने उकळी फुटलेला फ्लास्क धुऊन ठेवला आणि मग "काय झालं कळलं नाही" असे सांगितले, तर आम्ही त्याला काय काय ऐकवले असते! इथे ऐकवणारे कोणी नव्हते. "फार लोक आले" असा निष्कर्ष काढून मोकळे झालो.

समितीच्या बैठकीत ठरले की पुढच्या वेळी आपल्याला आधी कळले पाहिजे. म्हणजे यंत्राने स्वतःच सांगायला हवे, "गर्दी वाढते आहे, बघा." हे करायला फार लागत नाही. क्रॉन नावाचा एक जुना, इमानी नोकर अशा सर्व यंत्रांवर असतो. नाव ग्रीक भाषेतल्या काळ या शब्दावरून आले. त्याला सांगून ठेवले की दर ५ मिनिटांनी अमुक काम कर, तर तो दिवसरात्र ते करतो. आम्ही त्याला एक दहा-बारा ओळींची चिठ्ठी लिहून दिली: डेटाबेसकडे जा, या क्षणी किती कनेक्शने उघडी आहेत ते विचार, आकडा वहीत लिही, आणि तो १० च्या वर असेल तर आम्हाला ईमेल टाक. रविवारची एक दुपार गेली. संध्याकाळी पहिली चाचणी ईमेल आली तेव्हा आम्ही घरात ती सगळ्यांना दाखवली. घरातल्यांनी जेवढ्यास तेवढे कौतुक केले.

१० हा आकडा का? गोल होता म्हणून. याहून शास्त्रीय कारण नाही.

त्या रात्री २ वाजता फोन वाजला. मग २ वाजून ५ मिनिटांनी. मग १० मिनिटांनी. पहाटे ३ च्या सुमारास थांबला. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तीन रात्रींनंतर शोध लागला. २ वाजता डेटाबेसची नक्कल काढून ठेवली जाते, आणि ती निघेपर्यंत तक्ते कुलूपबंद असतात. त्या वेळात कोणी आले की त्याला खिडकीशी ताटकळत उभे राहावे लागते. पण न्यू जर्सीत रात्री २ वाजता आपल्या पानावर येते कोण? तर आपल्याकडे उन्हाळी वेळेत रात्रीचे २ म्हणजे भारतात सकाळचे साडेअकरा. आपापल्या लेकी-सुनांनी पाठवलेला दुवा उघडून पुण्या-नाशिकचे आजी-आजोबा गणेशोत्सवाचे फोटो पाहत होते! नातू लेझीम खेळताना कसा दिसतो ते बघायला आलेल्या माणसांना आमचे यंत्र "अतिरिक्त कनेक्शने" म्हणत होते.

यावर योग्य उपाय होता: नक्कल काढायची वेळ बदलायची आणि इशाऱ्याचा आकडा नीट ठरवायचा. आम्ही सोयीचा उपाय केला. ईमेलच्या पेटीत एक नियम लावला की असले पत्र आले की ते परस्पर एका वेगळ्या कप्प्यात जावे, फोन वाजू नये. झोप लागू लागली. कप्प्यातला आकडा वाढत गेला: ५०, १००, २००. तो कप्पा आम्ही उघडेनासे झालो.

इथे एक घटना सांगणे भाग आहे, कारण ती आमच्या धंद्यातली आहे आणि त्या वर्षभर आम्ही ती इतरांना रंगवून सांगत होतो. २०२० च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या एका विद्यापीठात उणे ८० अंशांचा एक फ्रीझर बिघडू लागला. आत वीसहून अधिक वर्षांच्या संशोधनाचे नमुने होते. तापमान दोन अंशांनी चढले तशी त्याची धोक्याची शिटी वाजू लागली. नमुने अजून सुरक्षित होते, दुरुस्तीवाला यायला कोविडच्या दिवसांमुळे वेळ होता. म्हणून दारावर कागद लावला की शिटी वाजते आहे ते ठाऊक आहे, आवाज बंद करायचा असल्यास अमुक बटण दाबा. रात्री साफसफाईला आलेल्या माणसाला त्या शिटीचा त्रास झाला. तो मदत करायला म्हणून विजेच्या खटक्यांच्या पेटीकडे गेला आणि चालू करतो आहोत अशा समजुतीने त्याने फ्रीझरचा खटका बंद केला. सकाळपर्यंत तापमान उणे ३२ वर आले आणि बहुतेक नमुने वाया गेले. २०२३ मध्ये विद्यापीठाने सफाईच्या कंत्राटदारावर दहा लाख डॉलरहून अधिक भरपाईचा दावा लावला. ही हकीकत सांगताना आम्ही नेहमी शेवटी डोळे मोठे करून म्हणायचो, "शिटी बरोबर वाजत होती हो! कोणाला काय करायचं ते कळत नव्हतं." आणि इकडे आमच्याच पेटीत दोनशे शिट्या एका कप्प्यात कोंडून ठेवलेल्या होत्या.

२०२४ चा सप्टेंबर आला. पुन्हा शनिवार, पुन्हा सकाळी १०. आम्ही निर्धास्त होतो; इशारा येईल, आपण बघू. फोन समोर ठेवून पोहे खात होतो. १० वाजून १० मिनिटांनी फोन वाजला, तो इशाऱ्याचा नव्हता. आपल्या मंडळाचे जुने खजिनदार काका बोलत होते. "काय हो डॉक्टर, तुमचं यंत्र झोपलं की. मला चार जणांचे फोन आले." आम्ही म्हटले, "काका, इशारा आलेला नाही, तुमच्याकडच्या इंटरनेटचं काही असेल." काकांनी शांतपणे विचारले, "चौघांकडच्या?"

यंत्रात शिरून पाहावे म्हटले तर आम्हालाही तीच पाटी: टू मेनी कनेक्शन्स. आता मायएसक्यूएल बनवणाऱ्यांनी याचा विचार करून ठेवलेला आहे. १५१ खिडक्यांखेरीज एक जादाची खिडकी कारभाऱ्यासाठी राखून ठेवलेली असते, म्हणजे सगळे भरले तरी कारभाऱ्याला आत जाऊन पाहता यावे. अट एवढीच की कारभाऱ्याचे अधिकार इतर कोणाला देऊ नयेत. आम्ही संकेतस्थळ उभे करताना "उगीच परवानग्यांची कटकट नको" म्हणून संकेतस्थळालाच कारभाऱ्याचे सगळे अधिकार देऊन टाकले होते. तेव्हा ती राखीव खिडकीही तिकीटवाल्यांनीच भरली. वाड्याच्या मागच्या दाराची किल्ली पुढच्या दाराला टांगून ठेवली तर दुसरे काय होणार? शेवटी बंद केले, पुन्हा सुरू केले. ११ वाजून २० मिनिटांनी विक्री सुरू झाली आणि पाऊण तासात संपली.

त्या सकाळी ज्यांची तिकिटे गेली त्यांत एक कुटुंब होते. नाव लिहीत नाही. त्यांच्या आजी सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, नोव्हेंबरात परत जाणार होत्या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात 'सीतास्वयंवर' केले त्या गावची बाई. नाटक म्हटले की आजी आदल्या दिवसापासून साडी काढून ठेवणार. मुलाने बरोबर १० वाजता तिकिटे घेतली, कार्डावरचे पैसे कापले गेले, आणि पान पांढरे झाले. त्याने पुन्हा दाबले. पुन्हा पैसे कापले गेले. खुर्ची एकही मिळाली नाही. पैसे नऊ दिवसांनी परत मिळाले. खुर्च्या कुठून मिळणार?

आमच्याकडे चहा-पाण्याच्या स्वयंसेवकांसाठी ठेवलेल्या चार जागा होत्या, त्यांतल्या दोन आमच्या घरच्या. आम्ही त्यांना फोन करून त्या देऊ केल्या. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "म्हणजे होतीच की तुमच्याकडे." यावर काय बोलणार? "आता नकोत," म्हणाले आणि फोन ठेवला. आजी नाटक न पाहता परत गेल्या.

ते वाक्य घेऊन आम्ही आठवडाभर फिरलो. मग धीर करून त्यांच्या घरी गेलो, बरोबर क्रॉनची वही छापून नेली. ते स्वतः संगणकातलेच. म्हटले, तुम्हीच पाहा, आत काय झाले ते. त्यांनी कागद टेबलावर पसरला. ९ वाजून ५५ मिनिटे: ७. १० वाजता: ३१. १० वाजून ५ मिनिटे: ११८. त्यानंतर तास-सव्वा तास रकाना रिकामा. त्यांनी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले आणि विचारले, "इथे कोरं का आहे?"

आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला. किती कनेक्शने उघडी आहेत हे विचारायला आमच्या चिठ्ठीलाही एक कनेक्शन लागत होते! सगळ्या खिडक्या भरल्यावर आमचा पहारेकरी स्वतःच रांगेत बाहेर उभा राहिला. त्याला आत जाता आले नाही म्हणून आकडा मिळाला नाही, आकडा मिळाला नाही म्हणून तो १० च्या वर आहे असे त्याला म्हणता आले नाही, आणि म्हणून तो गप्प बसला. आम्ही त्या गप्प बसण्याचा अर्थ "सर्व ठीक" असा घेत पोहे खात बसलो होतो.

पण मग १० वाजून ५ मिनिटांचे ११८? तेव्हा तर त्याने पत्र टाकलेच असणार. घरी येऊन तो कोंडलेला कप्पा उघडला. होते. आले होते १० वाजून ५१ मिनिटांनी. ४६ मिनिटे ते पत्र कुठे होते, हे शोधता शोधता मूळ रोग सापडला.

आपले पान तिकीट विकताना असे करी: कनेक्शन उघडायचे, खुर्चीला कुलूप लावायचे, पैसे घ्यायचे, पावतीची ईमेल पाठवायची, आणि ती पाठवून झाली की मग कुलूप काढून कनेक्शन बंद करायचे. एरवी पावती क्षणात जाई. पण पत्रे पोचवणारी जी कंपनी आपण घेतली होती ती मिनिटाला ठरावीकच पत्रे स्वीकारी, त्यापुढच्यांना ताटकळत ठेवी. शनिवारी १० वाजता शेकडो पावत्या एकदम निघाल्या, टपाल तुंबले, आणि प्रत्येक पावतीबरोबर एक कनेक्शन हात वर करून उभे राहिले. आमच्या इशाऱ्याचे पत्रही त्याच टपालातून निघाले होते, त्याच रांगेत, सगळ्या पावत्यांच्या मागे. जिन्यात आग लागल्याची वर्दी द्यायला निघालेला माणूस त्याच जिन्यात अडकावा, तसे झाले.

यात एक गणित आहे, ते आम्हाला फार आवडले, म्हणून सांगतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे. एखाद्या ठिकाणी सरासरी किती जण असतात? दर सेकंदाला किती येतात, गुणिले प्रत्येक जण किती सेकंद थांबतो. आम्ही रसायनवाले अखंड वाहत्या पात्राच्या बाबतीत हाच हिशेब वेगळ्या नावाने रोज करतो, आणि तरी तो इथे लागू पडेल हे आमच्या ध्यानात आले नव्हते. आपल्याकडे त्या सकाळी सेकंदाला साधारण ६ विचारणा येत होत्या. प्रत्येकीला एक दशांश सेकंद लागला तर एका वेळी उघडी कनेक्शने एकसुद्धा भरत नाहीत. तेच प्रत्येकीला २५ सेकंद लागले तर ६ गुणिले २५, दीडशे. म्हणजे आहेराचे पाकीट भरले! माणसे तितकीच, पण थांबण्याचा वेळ २५० पट. "फार लोक आले" हा आमचा २०२३ चा निष्कर्ष साफ चुकीचा होता. लोक बेताचेच आले होते, आम्ही त्यांना दाराशी धरून ठेवले.

काही मित्रांचा सल्ला होता, "१५१ चे ५०० करा, एका ओळीचं काम." करता येते. पण प्रत्येक कनेक्शन थोडी थोडी स्मृती खाते, आणि आपण भाड्याने घेतलेले यंत्र लहान आहे. ५०० च्या आधी त्याचेच प्राण कंठाशी आले असते. शिवाय तुंबलेल्या मोरीवर मोठी बादली ठेवून मोरी वाहत नाही. आम्ही पान बदलले: खुर्ची लिहून झाली की कनेक्शन बंद, पावत्या मागाहून सवडीने जातील. संकेतस्थळाचे जादा अधिकार काढून घेतले. नक्कल काढायची वेळ हलवली, ती अशी की भारतात मध्यरात्र असावी. ती आपल्याकडे दुपार असते, पण दुपारी न्यू जर्सीत सगळे कामावर असतात.

इशाऱ्याचे काम मात्र पुन्हा पहिल्यापासून केले, आणि या वेळी आमच्या धंद्याच्या रीतीने. कुठल्याही मोजमापात आधी कोरा नमुना मोजतात, म्हणजे काहीच नसताना यंत्र किती दाखवते ते. त्याची सरासरी आणि चढउतार कळले की त्याहून किती वर गेले म्हणजे "काहीतरी आहे" असे म्हणायचे ते ठरवता येते. दोन आठवडे नुसती वही भरू दिली. आपला कोरा नमुना ४ ते ९ निघाला, क्वचित १४. मग ठरवले: ४० च्या वर सलग तीन वेळा गेले तर एक पत्र, १०० च्या वर एकदाही गेले तर लगेच. एकदा पत्र गेले की पुढचा तासभर त्याच कारणासाठी दुसरे नाही. आणि पहारेकऱ्याला आतच जाता आले नाही, तर तो सर्वात मोठा इशारा. इशाऱ्याचे टपाल पावत्यांच्या टपालापासून वेगळे, वेगळ्या कंपनीतून. त्यातही एक अडचण आली. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केले आहेत. पत्र पाठवणाऱ्या यंत्राने आपली ओळख नीट पटवून दिली नाही, तर पत्र रद्दीत जाते किंवा परतच येते. आमची पहिली दोन चाचणी पत्रे रद्दीत सापडली. ओळखीची कागदपत्रे लावल्यावर मार्गी लागले. शिवाय दर रविवारी सकाळी ९ वाजता "मी जागा आहे" एवढेच एक पत्र येते. ते आले नाही तर पहारेकरीच आजारी आहे असे समजायचे.

राहिला प्रश्न पत्र कोणाला जायचे याचा. आम्ही दिवसभर प्रयोगशाळेत असतो, हातात हातमोजे, फोन बाहेर कपाटात. तेव्हा समितीत आम्ही खजिनदार काकांचे नाव सुचवले. थोडे हसू झाले. काका पंचाहत्तरीचे आणि डेटाबेस या शब्दाला ते "दाताबेस" म्हणतात. पण ईमेल नव्हती त्या काळात आपल्या मंडळाची फोन-साखळी काकांनीच बांधली होती. बर्फामुळे कार्यक्रम रद्द झाला की काका चार घरांना फोन करत, ती चार घरे आणखी चार-चारांना, आणि अर्ध्या तासात कोणीही गाडी बाहेर काढत नसे. २०२४ मध्येही पहिला इशारा दिला तो त्यांनीच, आणि आम्ही त्यांना त्यांचे इंटरनेट तपासायला सांगितले.

पहिले चाचणी पत्र पाहून काकांचा फोन आला. "हे काय पाठवलंय? थ्रेड्स कनेक्टेड बरोबर एकशे चार. मी काय करू याचं? पूजेत मांडू?" म्हणून पत्र मराठीत लिहिले. आता ते असे येते: "दाराशी १०४ जण उभे आहेत, जागा १५१ आहेत. नेहमी ९ असतात. पहिल्यांदा डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत फोन करा. ते न सापडल्यास दुसऱ्या नंबरावर. यंत्र बंद करू नका." शेवटचे वाक्य खरे तर आमच्यासाठी आहे.

२०२५ च्या ऑगस्टात, एका मंगळवारी दुपारी, तिकिटांचा कुठे मागमूस नसताना, प्रयोगशाळेत निरोप आला: काकांचा फोन आहे. "डॉक्टर, दाराशी ६२ उभे आहेत. मी कोणाला आत-बाहेर केलेलं नाही." जाऊन पाहिले. यादीत पन्नासहून जास्त कनेक्शनांपुढे "स्लीप" असे लिहिलेले, म्हणजे उघडी, पण झोपलेली. फोटोंच्या पानात आम्हीच जुलैत एक नवी सोय केली होती आणि कनेक्शन बंद करायची ओळ लिहायला विसरलो होतो. मायएसक्यूएल अशा झोपलेल्याला आपणहून हाकलतो, पण आठ तासांनी. गणपतीच्या फोटोंच्या दिवसांत ती शंभरी ओलांडून गेली असती. ओळ लिहिली. अर्ध्या तासात आकडा ६ वर आला. काकांना कळवले तर म्हणाले, "मग मी आता झोपू का? दुपारची वेळ आहे."

त्या वर्षीच्या तिकीटविक्रीत सर्वात वरचा आकडा २३ होता. इशारा आला नाही. आम्ही मात्र दर दोन मिनिटांनी वही उघडून रकाना कोरा नाही ना ते पाहत होतो. ज्यांच्या घरी आम्ही कागद घेऊन गेलो होतो त्यांनी दोन तिकिटे घेतली. आजींचे गुडघे आता प्रवासाला साथ देत नाहीत, असे त्यांनी नाट्यगृहाच्या दारात सांगितले. आम्ही चहाचा कप पुढे केला, त्यांनी घेतला.

काकांच्या पत्रातला "दुसरा नंबर" सध्या रिकामा आहे. जो सभासद तिथे होता तो नोकरीसाठी टेक्सासला गेला. डेटाबेस येत नसला तरी चालेल. दुपारी फोन उचलता यायला हवा आणि यंत्र बंद करण्याचा मोह आवरता यायला हवा. इच्छुकांनी येत्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशी आम्हाला भेटावे. वही बरोबर असेल.